मिनोतीचं डोकं कुणी बघितलं नाही

बेहाला, कोलकाता
७ जुलै २०२४

ती. रजनीमावशीस,
तेजस्विनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला हल्ली ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. ऋताच्या डोक्यात उवा झाल्यात. शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षांची पोर, रोज अंघोळ, दर रविवारी नखं, आणि कानामागे लिखाच लिखा. चार दिवस मला स्वस्थता नाही. अभ्रे उकळतेय, चादरी उन्हात टाकतेय, ऑफिसात मीटिंग चालू असतानाही हात डोक्याकडे जातो. सलील म्हणतो, उवा तुझ्या मनात झाल्यात.

मिनोतीला मी येऊ नको म्हणून सांगितलं. ऋता दोन वर्षांची असल्यापासून तीच तिला सांभाळते. पण बजबजहून लोकलच्या गर्दीत येते, तिनेच आणल्या असणार. ती चपला घालून गेली. तेव्हापासून ऋता माझ्याशी धड बोलत नाही.

पोरीचे केस पार काढून टाकावेत असं सारखं मनात येतंय. काय करू ते कळव.

तुझी माया आहे म्हणून इतकं लिहिलं.
तुझी,
तेजस्विनी

सातारा
१२ जुलै

चि. तेजस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

केसांना कात्री लावू नकोस. तीस वर्षं वर्गात पोरींची डोकी बघितली मी. डॉक्टरांच्या मुलींनाही उवा व्हायच्या. त्या घाणीने होत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की होतात. केस ओले करून भरपूर तेल लाव, बारीक दातांच्या फणीने बट बट विंचर, फणी दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुस. दर तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे. कुणी रॉकेल सुचवलं तर ऐकू नकोस. औषध हवं तर डॉक्टरांना विचारून.

आणि घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, तुझं आधी. मिनोतीला घालवण्याआधी तिचं डोकं बघितलं होतंस का?

सलीलरावांना आशीर्वाद, ऋताला गोड पापा.
मावशी

बेहाला
२२ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नव्हतं बघितलं. पत्र आलं त्या संध्याकाळी सलीलला खिडकीशी बसवून माझं डोकं बघायला लावलं. नऊ निघाल्या. रोज ऋताला कुशीत घेऊन झोपते ती मीच.

काल ऋताला घेऊन बजबजला गेले. तुझं डोकं बघू का, असं विचारलं. मिनोतीने दारातच केस सोडले आणि पाठ करून बसली. तासभर बघितलं. एक लीख नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, “बौदी (म्हणजे वहिनी), हे त्या दिवशी केलं असतंत तर मी रडले नसते.”

परत येशील का, असं विचारलं. तिने घराजवळच दुसऱ्या बाळाचं काम धरलंय. येणार नाही म्हणाली, शांतपणे. मग ऋताला पायाशी बसवून फणी मागून घेतली. अर्धा तास दोघी बंगालीत कुजबुजत होत्या, मला निम्मं कळलं नाही. ऋताचं झाल्यावर तिने मलाही हाताने खूण केली, बसा.

निघताना म्हणाली, बुधवारी पुन्हा विंचरा, विसरू नका. परतीच्या गाडीत ऋताने विचारलं, मिनोतीदीला तू घालवलंस ना? मी हो म्हणाले.

तुझ्या तब्येतीचं लिही. रागावली असलीस तरी लिही.
तेजस्विनी