सहा पावल्या

१२ नोव्हें. १९६१, रवि.
पुण्याहून ग्रॅमची वजनं आली. पितळी, लहान लाकडी पेटीत. तोळा-मासा आता बंद. वडिलांनी, आप्पांनी, वैद्यकी माझ्या हाती दिली तेव्हा वजनं म्हणून चांदीच्या सहा पावल्या दिल्या. अकरा वर्षं मी त्या पावल्यांनीच औषध तोललं. सहज म्हणून त्याच तोलून पाहिल्या. पावली म्हणजे पाव तोळा, तीन ग्रॅमला जरा कमी भरायला हवी. सहाही अडीचच भरल्या. तराजू पुसला, परत तोललं. तेच.

१४ नोव्हें.
झिजल्या म्हणावं, तर वरच्या राजाचं तोंड अजून ठसठशीत, दाढीचे केस दिसतात. कडेचे दाते मात्र गुळगुळीत. शाळेच्या मास्तरांकडून दुसरी पावली मागून आणली, आमची तिच्यावर ठेवली. सगळ्या बाजूंनी लहान. कानस फिरवलीय. चांदीसाठीच, दुसरं काय.

१५ नोव्हें.
औषधाच्या पेटीला हात लावणारे घरात तिघंच. आप्पा, मी, यमुना. यमुनाला, बायकोला, विचारलं, पावल्या सोनाराकडे कधी नेल्या होत्यास का. तिची नवी जोडवी मनात होती. भावानं दिवाळीत दिली म्हणाली. मी नको ते बोललो. आप्पा तिथंच ओसरीवर सुपारी कातरत होते.

१७ नोव्हें.
य. बोलत नाही. जोडवी काढून पेटीवर ठेवलीत. भाकरी करते, वाढते, चुलीपाशी रडते.

१८ नोव्हें., शनि.
दुपारी आप्पांनी हाक मारली. म्हणाले, "कानस मी फिरवली. जर्मनच्या लढाईच्या टायमाला. सुनेला सोड."
मग सांगत बसले. तेव्हा आमच्या नेऱ्यात घरोघर ताप. पुण्याहून माल येईना. लोक तराजूवर डोळा ठेवून बसायचे, काटा हलला तरी भांडायचे. पावली हलकी केली की सहा जणांच्या औषधात सातवा बसायचा. चांदीचा कीस ओढ्यात टाकला म्हणतात. पैसे? पुऱ्या पुडीचेच घेतले.
साथ सरल्यावर मला का नाही सांगितलं?
"सांगून काय केलं असतंस? लोकांचा इस्वास हुता आपल्या तराजूवर."
साथीतलं म्हणून तेवढं समजूनही घेतलं असतं. पण अकरा वर्षं माझ्या हातून कमी जोखून घेतलं. आणि तीन दिवस यमुना रडते आहे ते ऐकत बसले. बाप म्हणून ज्या माणसाची शपथ घ्यायचो…

१९ नोव्हें.
य.ची माफी मागितली. जोडवी उचलली तिने. घातली नाहीत. "तुमी मला इचारलं न्हाई, ठरवलं," एवढंच म्हणाली.
आप्पांशी बोलणं नाही.

२३ नोव्हें.
कासारसाईहून सखू आली. मेंढरं राखणाऱ्यांतली. दोन वर्षांमागे तिचा नवरा माझ्याच पुड्यांवर होता, तापात गेला. आज सुनेसाठी औषध हवं होतं. नव्या वजनांनी तोलून दिलं. पुडी तळहातावर धरून म्हणाली, "आमच्या धन्याच्या पुड्या बारक्या हुत्या. सुनेचा ताप मोठा हाय व्हय?"
नवी मापं आलीत, म्हणालो. आत आप्पा खोकले.
तिने पुड्या पदराला बांधल्या, निघाली. उतारावर बराच वेळ दिसत होती. वहाणा घालून अंगणाच्या कडेपर्यंत गेलो, हाक मारली. थांबली, वळली. मी म्हणालो, "तुझ्या धन्याच्या पुड्या कमीच भरल्या होत्या, आमची वजनं खोटी होती."