हलकी चटई

रविवार, संध्याकाळ. मोहाडी.

पचमढीच्या बाईक-सहलीसाठी चटई ठरली एकदाची. फोमची, घडीची. दोन मागवल्या होत्या. हवा भरायची जास्त मऊ होती, पण घरामागच्या आमच्या बांधीत, कापणी झालेल्या शेतात, अंथरली आणि धानाच्या धसकटानं तिला भोक पाडलं. घरामागे फुटली हे बरंच झालं. पचमढीच्या वाटेवर मी एकटीनं काय केलं असतं? मग त्याच धसकटांवर फोमची टाकून दुपारी मस्त झोप काढली. माझी परीक्षा, माझा निकाल. वजन तर एवढं कमी, की बाईकवर मागे बांधली तरी कळायचं नाही.

म्हणून घरात शिरताच सासऱ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मामाजी, हलकी घेतली."

त्यांचा चेहरा उतरला. "हलकी कायले घेतली बाई? आपल्या घरी हलका माल आणते का कोणी?"

मला हसू आलं. हसायला नको होतं. दुसरा शब्द का सुचला नाही मला? शेवटी चटई त्यांच्या हातावरच ठेवली. त्यांनी तोलून पाहिली, परत तोलली, ओसरीवर अंथरून आडवे झाले.

आत्ता शेजारचे काका विचारत होते, "सून एकटीच जाऊन राहिली का पचमढीले गाडीवर?"

"हो. चटई पाह्य किती हलकी हाये," मामाजी म्हणाले. मग थांबून, "सून भारी हाये."

मी आत भात वाढत होते. सराटा हातात तसाच राहिला.