घाई तू केली नव्हतीस

प्रिय गौतम,

तू गेल्यापासून सव्वा महिना तुझ्या घराकडं फिरकलो नाही. परवा वहिनींनीच बोलावून आपला जुना टेपरेकॉर्डर हातात दिला. आत आपल्या बँडची एकुलती एक कॅसेट! त्यात जे ऐकलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आठवतं, सिल्लोडच्या सलीमनं ती परदेशी कॅसेट आणली होती? त्याचा भाऊ अजिंठ्याला टॅक्सी न्यायचा, कुणी गोरा गाडीत विसरून गेला होता. जड, संथ गिटार. "याला डूम मेटल म्हणतात," सलीम म्हणाला. "काय म्हणायचं ते म्हणू दे," तू म्हणालास, "आपल्याला जमतंय." आपण तिघंही वाळूजला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. सुट्टी झाली की बजाजनगरातली माझी पत्र्याची खोली. मी गिटार, सलीम बेस, तू ड्रम वाजवत गायचास.

ऐकायला कोण होतं रे? कॉलनीच्या कार्यक्रमात दोन गाण्यांत खुर्च्या रिकाम्या झाल्या. एका मावशीनं विचारलं, "कोण गेलंय का, बाबांनो?" तू लई हसलास!

आपल्या नामांतराच्या गाण्याला मात्र हसायचा नाहीस. लहानपणी बापाचं बोट धरून तू मोर्चात चालला होतास. "थकलेली माणसं चालतात तसं वाजवायचं, मल्हारी. घाई नाय." विद्यापीठाला नाव मिळालं त्याच आठवड्यात आपण ते रेकॉर्ड केलं. खोलीत प्लग एकच, तो ॲम्प्लिफायरला गेला, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर. सेल उतरलेले. थोडा जीव यावा म्हणून तूच ते पत्र्यावर उन्हात ठेवले होतेस.

मग कँटीनमध्ये सगळ्यांसमोर कॅसेट विजेवर लावली. गाणं धावतच सुटलं! तुझा आवाज चिरका, पोरं टाळ्या पिटत नाचायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी तुझ्यावर उखडलो. "धीर म्हणून नाही तुझ्या हाताला. वाट लावलीस गाण्याची!" तू एवढंच म्हणालास, "म्या सावकाशच वाजवलं व्हतं." त्यानंतर मी तुम्हा दोघांना खोलीत घेतलं नाही. बँड तिथंच संपला. एकदा तरी भांडायचंस ना, लेका!

आता घरी मी एकटाच असतो. टेपची वायर कधीच तुटलेली, म्हणून वहिनींनी तुझ्या टॉर्चमधले सेल काढून दिले होते. तेही उतरलेलेच. कॅसेट लावली आणि गाणं आलं ते संथ, जड, आवाज थेट तुझा! मी उठून उभाच राहिलो. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. रेकॉर्ड करताना सेल उतरलेले, फीत हळू फिरली. मग विजेवर ती पळणारच की! आणि मी तुझ्या हाताला नावं ठेवून मोकळा झालो. यंत्रावर जन्म काढून मला एवढं कळू नये?

दुसऱ्या कडव्यात सेल संपले. तू मध्येच थांबलास. फोन करायला हात गेला, पण कुणाला करणार?

रविवारी सलीमला आणतो. कँटीनमधले जे सापडतील त्यांनाही बोलावतो. चूक माझी होती, हे सगळ्यांसमोरच सांगतो. तुझे सेल पत्र्यावर उन्हात ठेवलेत. नवे आणणार नाही.

तुझं उशिरा ऐकणारा,
मल्हारी