रेडिओवरची आयव्हा

लिक फोर्क, केंटकी
१४ मार्च १९५२

प्रिय लोरीन,

वर्तमानपत्राचं कात्रण पोचलं. फोटो झकास आलाय. तुझ्या हातात गिटार, शेजारी ती ज्युनेल दात दाखवत उभी, आणि खाली छापलंय, 'स्टिडम भगिनी, लोरीन आणि आयव्हा'. मुलाखतीत तू म्हणतेस, डोंगरातलं गाणं माणसांना जोडतं. शेजारच्या डायसी मावशीने ते मोठ्याने वाचलं आणि मला म्हणाली, "काय गं, इथे शेंगा निवडतेस आणि तिकडे माणसं जोडतेस, दोन्ही कसं जमतं तुला?" मी हसले. मग विहिरीवर जाऊन बादली आपटली.

चूक माझीच होती. आई पडली, तिच्याजवळ कुणीतरी राहायला हवं होतं. गिटार तुला येत होती, म्हणून तू रेडिओवर राहिलीस आणि मी घरी आले. आपल्या कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या पिठाच्या कंपनीचा माणूस म्हणाला, गाडीवर नाव रंगवलंय, पिठाच्या पोत्यांवर दोन बहिणी छापल्यात, आता दुसरी कुठून आणू? मीच मोठेपणा केला. म्हटलं, ठेवा कुणी पगारावर आणि म्हणा तिला आयव्हा, नावात काय ठेवलंय! सगळे असंच करतात आपल्या धंद्यात. त्याने ज्युनेल आणली. मला वाटलं, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तीन वर्षं झाली.

नाव गेलं त्याचं नाही गं एवढं. पण ओळ संपताना वरचा सूर जरासा वळवून सोडायची माझी जी लकब, ती तिला कुणी शिकवली? आपोआप नाही येत ती. मला आईकडून आली, आईला कपडे धुताना गुणगुणणाऱ्या आजीकडून. तुझ्या गळ्यात ती कधी बसलीच नाही, पण ऐकून ऐकून तुला पाठ होती. तू त्या पोरीला समोर बसवून घोटून घेतली असणार. पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा माझ्या हातातली मक्याची भाकरी चुलीत पडली. मला तिचा हेवा वाटतो, लोरीन. तिच्या कुरळ्या केसांचा नाही, गाडीचाही नाही. तुझा श्वास कुठे तुटतो हे आता तिला माहीत आहे, याचा वाटतो.

आता आईचं. हिवाळ्यापासून ती माणसं ओळखत नाही. डायसी मावशीला ती शाळेतली बाई समजते. पण दुपारी बाराला तुमचा कार्यक्रम लागला की उठून बसते. तोंडातला घास तसाच ठेवते. तुझा आवाज आला की मान हलवते आणि वरचा सूर आला की रडते. "माझी आयव्हा गातेय, गप बसा गं!" असं मलाच सांगते. मी एकदा गुडघ्यांवर बसून म्हटलं, आई, मीच आयव्हा. ती घाबरली. म्हणाली, "बाई, तू चांगली आहेस, पण माझ्या लेकीचं नाव घेऊ नकोस." मग मी तिला गाऊन दाखवलं, तेच गाणं, तोच सूर. पण तीन वर्षांत चुलीच्या धुराने गळा बसलाय आणि रागाने मी गाणं सोडलं होतं. तिने शांतपणे ऐकलं, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "बरं गातेस गं. पण आमच्या आयव्हाची सर नाही."

गाणं माणसांना जोडतं म्हणतेस ना, ती ताकद मला त्या दिवशी कळली. पोटची मुलगी समोर बसलेली दिसत नाही, पण आजीच्या गळ्यातलं वळण शंभर मैलांवरून ओळखू येतं.

डॉक्टर सोमवारी येऊन गेला. म्हणाला, ईस्टरपर्यंत तग धरला तर नशीब. आई दिवसभर एकच विचारते, आयव्हा कधी येणार? तेव्हा मनावर दगड ठेवून लिहिते आहे. तू ये, आणि ज्युनेलला घेऊन ये. पुलावर पाणी आहे, बसने आलात तर दुकानापाशी उतरा. तिला सांग, आईने हाक मारली की 'हो आई' म्हणायचं, लाजायचं नाही. ताकात भाकरी कुस्करून चमच्याने भरवायची, डाव्या बाजूने, उजवीकडून तिला गिळता येत नाही. आणि माझ्या निळ्या कपातून कॉफी प्यायची नाही, हेही सांग. तुम्ही दोघी पलंगाशी बसून गा. मी चुलीपाशी असेन. आईने विचारलंच, ती आत कोण आहे, तर सांग, कामाला ठेवलेली बाई आहे.

तुझीच,
थोरली