पुढच्या वर्षीची वीज

प्रिय उमा,

तुझा फोन दोनदा येऊन गेला. मी मुद्दामच उचलला नाही. बोलताना धाप लागते, रडू फुटतं, आणि हे शेजारच्याच खोलीत असतात. म्हणून लिहायला बसले.

मे संपत आला, आमच्या ग्वेल्फमधली थंडी आता ओसरली. ह्यांनी छतावर सोलर पॅनल बसवायचं मनावर घेतलंय. रिटायर झाल्यापासून ह्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मंगळवारी कंपनीकडून रुचा म्हणून एक पुण्याची मुलगी आली. घरात मराठी ऐकू येणार म्हणून मी हौसेने पोहे केले, नाकातली नळी सांभाळत. वर्षाला बचत किती होईल ते काढायला तिने विजेची जुनी बिलं मागितली. ती चाळून म्हणाली, "काका, दोघंच राहता ना? मग वीज एवढी कशी?"

हे म्हणाले, "ते हिचं ऑक्सिजनचं मशीन. दिवसरात्र चालू असतं. पुढच्या वर्षीपासून धरू नकोस."

मी बशी घेऊन तिथेच उभी होते. रुचाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. उमा, डॉक्टर जानेवारीतच म्हणाले होते, काळजी घेतलीत तर अजून चार-पाच वर्षं सहज काढाल. तेव्हा हे माझ्या शेजारच्या खुर्चीत होते.

ती गेल्यावर मी विचारलं, असं कसं बोलवलं तुम्हाला? हे चिडले नाहीत, ओशाळलेही नाहीत. "अगं, एस्टिमेट रिअलिस्टिक नको का?" म्हणाले आणि उरलेले पोहे संपवले. ह्यांच्या आईचं दुखणं काढायला मी बँकेतली नोकरी सोडली होती, तुला आठवत असेल.

तू कधीची म्हणतेस, ताई, मिसिसागाला माझ्याकडे ये. हे एकटे कसे राहतील म्हणून मी टाळत आले. काल जेवताना सांगितलं, मी उमाकडे जाते, कायमची. ह्यांचा घास हातातच राहिला. वाटलं, आता नको म्हणतील. ह्यांनी हात धुतले, रुचाला फोन लावला आणि म्हणाले, "एस्टिमेटमधून मशीन जूनपासूनच काढून टाक."

शनिवारी माझ्या भाच्याला, विक्रमला, मोठी गाडी घेऊन पाठव. मशीन जड आहे, पण दारापर्यंत आणून ठेवतो, असं हे आपणहून म्हणालेत.

तुझीच,
ताई