ब्रेकवर पाय नव्हता

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, आवाज असा का? मी सर्दीवर ढकललं. खरं तर तुझा फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला लावतात, म्हणून ही चिठ्ठी. शिलाईवाल्या बाईंचा भाऊ उद्या तुझ्याकडच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती देते. वाचून झाली की फाडून टाक.

ती जुनी निळी गाडी तुझ्यासाठी तयार करायचा बाबांनी चंग बांधलाय, हे तुला ठाऊकच आहे. येत्या रविवारी स्वतः चालवत आणून तुझ्या दारात उभी करणार. पाच तासांचा रस्ता. महिनाभर गुडघ्याचं कारण सांगून स्टिअरिंगला हात लावला नाही, आता गुडघा एकदम ठणठणीत! गाडी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, निम्मी बटणं अडकलेली. एकेक स्विच काढतात, घासतात, तपासून परत बसवतात. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवलेल्या माणसाला आपण काय सांगणार? मदतीला मी. हस, हवं तेवढं हस.

मला आधी मौजच वाटली. ज्यांनी कधी मला साध्या पकडीला हात लावू दिला नाही, ते आता प्रत्येक वायरीचा रंग मला विचारतात. तुझे डोळे तपासतोय, म्हणतात. मी पिवळी म्हटलं की शाबासकी देतात. त्यांचा तो दिव्याचा टेस्टर खणात गेलाय, त्याऐवजी पीं वाजणारा मीटर आणलाय. तू तसला मीटर देणार होतीस तेव्हा खेळणी नकोत मला, म्हणाले होते ना? मी म्हटलं, चला, म्हातारपणी तरी माणूस बदलला.

मग बेकरीवाल्याची व्हॅन परत आली. चार दिवसांपूर्वीच आपल्या शेडमधून गेलेली. चौकात थांबला तर मागून ट्रकने ठोकलं, त्याच्या मानेला पट्टा. ब्रेकचा लाल दिवा लागतच नव्हता, म्हणाला. बाबांनी उलट त्यालाच झाडलं, बल्ब नंतर उडाला असेल म्हणून. बिचाऱ्याने ते खरं मानलं, कारण बाबांच्या हातची गाडी आजवर कधी परत आली नव्हती. मीही कानाडोळा केला. आता त्याची लाज वाटते गं.

काल सकाळी निळ्या गाडीची शेवटची तपासणी होती. पद्धत तुला माहीत आहे, लहानपणी तूच करायचीस. एकाने आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवा लागला की ओरडायचं. मी आत, ते मागे. मी म्हटलं, ब्रेक. ते म्हणाले, लागला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पायातून सुटलेली चप्पल शोधायला मी वाकले होते, ब्रेकवर पाय ठेवलाच नव्हता. मग मी दोन्ही हात मांडीवर घेतले, पाय मागे ओढले आणि म्हटलं, डावा इंडिकेटर. लागला. उजवा. लागला. रिव्हर्स. लागला गं, झकास! आरशात मला ते दिसत होते. दिव्यांपासून दोन हात बाजूला, कोऱ्या भिंतीकडे बघून हसत होते.

मी उतरले आणि चहा ठेवला. दुसरं काय सुचणार? रात्री जेवताना नुसतं म्हटलं, एकदा डोळे दाखवून येऊ. त्यांनी ताट सरकवलं. माझं दुकान बंद करायला निघालीस का, म्हणाले. त्यांच्या रागाची मला सवय आहे, पण कालचा राग तसला नव्हता. घाबरलेत ते, ठमे. त्यांना सगळं कळतंय. मला कळलंय, एवढंच त्यांना माहीत नाही.

आज सकाळी लाडात येऊन म्हणाले, रविवारी तू पुढे माझ्या शेजारी बस. झोपायचं नाही हं, बोलत राहायचं, समोर काय काय दिसतंय ते सांगत राहायचं. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

म्हणून लिहितेय. आज बुधवार आहे. शनिवारी सकाळी ये, काहीही कारण काढ, गाडी तातडीने हवी आहे म्हण, आणि तिथल्याच एखाद्या गॅरेजवाल्याला सोबत आण. सगळे दिवे त्याच्याकडून तपासून घे आणि मगच गाडी घेऊन जा. किल्ली मीच लपवली असती, पण या घरातली कुठलीही वस्तू त्यांना हाताने चाचपून सापडते. तोंडावर बोलले तर त्या रागात ते आजच एकटे निघतील. डोळ्यांचं नंतर आपण दोघी मिळून सांगू, तू असलीस की ऐकतील. आणि नाहीच जमलं तुला यायला, तर मी हातापाया पडून अडवून बघेन. तरीही नाही ऐकलं, तर मी शेजारच्या सीटवर बसेन. त्या रस्त्यावर त्यांना एकटं सोडणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझीच, शनिवारची वाट बघणारी
आई