लाल दवेची बारव

१२ एप्रिल १९५४

धामणवाडीत नारू निघाला! सोनूबाईच्या घोट्यावर. फोड फुटून पांढरा दोरा बाहेर लोंबत होता, आणि मी नुसता बघत उभा.

निघायला नको होता. दोन सालांपासून तिथल्या बारवेत आम्ही लाल दवा टाकून राह्यलो. परत येताना मोटारीत सगळं पुन्हा घोकलं – नारूवाला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरतो, पाय पाण्यात बुडवतो, पाण्यात बीज पडतं. ते बीज पाण्यातली बारीक पिसू खाते. पिसूसकट पाणी पोटात गेलं की सालभरानं पायातून नारू. दवेनं पिसू मरते, म्हणजे नारू संपतो. मंग चुकलं कुठं?

सोनूबाई म्हणाली, "डाक्टरसाहेब, दोन सालं झाली, तुमचं गुलाबी पाणी पिऊन राह्यलो. मंग हे काय?"

तिचा घोटा बांधून दिला आणि निघालो.

१४ एप्रिल

बाईंना सांगितलं. म्हणजे सांगायचा धीर आज झाला.

लाल दवेचं शास्त्र द्वारकाबाईंचंच. मी शाळेत होतो तेव्हा त्यांनी ते छापलं. त्याच्यावरच आमची सगळी योजना उभी, आणि तिच्या प्रमुखही त्याच. हैदराबादहून डॉक्टरी पास होऊन मी त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा सूक्ष्मदर्शकाला कोणता डोळा लावायचा तेही ठाऊक नव्हतं. "दोन्ही उघडे ठेव," म्हणून त्यांनी मान धरून बसवलं होतं.

आज चष्मा पुसत म्हणाल्या, "एका बाईवरून गाव ठरत नाही. घरोघर जाऊन बघ."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ मे

धामणवाडीचं घर न् घर बघून झालं. शेजारच्या कोठवाडीचंही – तिथं आम्ही दवा टाकलीच न्हाई, तुलनेसाठी तसंच ठेवलेलं गाव.

दोन्हीकडं नारू सारखाच. दवा टाकली काय, न टाकली काय!

बाईंनी कागद वाचले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. "ऑगस्टात हैदराबादला परिषद आहे. तुझं नाव मी कधीच दिलंय. कलकत्त्याच्या संस्थेची माणसं येतात, चांगलं वाचलंस तर सालभर शिकायला नेतील." मी विचारलं, हे वाचू का? तर म्हणाल्या, "हे तयार कुठं आहे?"

सहीशिवाय वाचता येत न्हाई. सही त्यांची.

९ मे

नवीन जालन्यात मूलचंद शेठच्या पेढीवर गेल्तो. धामणवाडीची बारव त्यांच्या आजोबांनी बांधलेली. दवेनं भागत नसेल तर पायऱ्याच बुजवाव्यात – वरून दोरानं पाणी शेंदलं की पाय पाण्यात जायचाच न्हाई. माझ्या डोक्यात हे आठवड्यापासून घोळून राह्यलं.

शेठनं बसवलं, सरबत दिलं. ऐकून घेतलं. मंग म्हणाले, "दवा टाका, कितीबी टाका, खर्चा आम्ही देऊ. पण पायऱ्यांना हात लावायचा न्हाई. दादाजींनी पुण्यासाठी बांधली ती. वाटसरूनं खाली उतरून, सावलीत बसून पाणी प्यावं म्हणून. ती आम्ही बुजवायची?"

माणूस खोटं बोलत नव्हता. म्हणूनच नमस्कार करून उठलो.

१० मे

बाईंना कळलं. त्या रागावल्या की मला "अहो डॉक्टर" म्हणतात.

"अहो डॉक्टर, शेठकडे कुणाला विचारून गेलात? एका गावाच्या आकड्यावर पायऱ्या पाडायला निघालात! उद्या खात्यानं दवाही बंद केली आणि पायऱ्याही तशाच राहिल्या तर? लोकांना देणार काय?"

मी म्हणालो, "पण दवा लागू पडत न्हाई, बाई."

"जा तुम्ही."

गेलो. स्वतःचं शास्त्र पडताना बघवत न्हाई, दुसरं काय! एवढी मोठी बाई, आणि एवढंसं मन – हे लिहितानाच लाज वाटून राह्यली. पण वाटलं ते लिहिलं.

२१ मे

डाव्या पायाला आग. वाटलं, चप्पल लागली.

२३ मे

फोड आहे. मला ठाऊक आहे हा फोड कशाचा. वर्षभर दुसऱ्यांच्या पायांवर बघत आलो.

धामणवाडीत गेलो की बारवेचंच पाणी पीत होतो. सगळ्यांसमोर, मुद्दाम. "बघा, मी पितो की न्हाई!" लोक हसायचे. दवेवर माझा एवढा भरवसा होता.

बाईंना सांगायचं न्हाई. आपणच गुंडाळू.

२६ मे

बाईंनी लंगडताना पकडलं. "चप्पल काढ." काढली.

बाई खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला. मी मागं ओढला तर चापट मारली! बारीक काडी घेऊन नारूचं टोक तिला गुंडाळलं. "जेवढा येतो तेवढाच येऊ द्यायचा. ओढलास आणि आत तुटला तर पाय सुजून खाटेवर पडशील. ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. तरी ओढून टाकावासा वाटतो.

"दुसरीकडं कुठं पाणी प्यायलास?"

"न्हाई बाई. जालन्यात नळाचं. बाहेर फक्त धामणवाडीत."

"आठव नीट."

"आठवलं."

काडी फिरवून राह्यल्या. वर बघितलंच न्हाई.

३० मे

रोज काडीचे एक-दोन वेढे. रोज तेच भांडण – पाय त्यांच्या हातात आणि मी त्यांच्याशी वाद घालून राह्यलो! आज मी म्हणालो, मला स्वतःलाही आकड्यात धरू का? "धर," म्हणाल्या. "पण स्वतःचा पाय दुखतो म्हणून शास्त्र लिहू नकोस."

निबंध लिहून दिला, सही मागितली. न्हाई दिली.

६ जून

बाई स्वतः धामणवाडीला आल्या. भोकरदनच्या मोटारीनं, सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन. मी काठी टेकत मागं.

पदर खोचून पायऱ्या उतरल्या. पाणी भरून घेतलं. वरच्या ओट्यावर पेटी उघडून बसल्या. बायका जमल्या, सोनूबाई पुढं.

मी आधीच बघून ठेवलं होतं. दवा टाकली की पिसवा मरतात, खोटं न्हाई. पण झरे चालू असतात. नवं पाणी येतं, दवा विरते, महिन्याच्या आत पिसवा पुन्हा तेवढ्याच. आम्ही दवा टाकत होतो तीन-तीन महिन्यांनी. आणि महिन्या-महिन्याला एवढ्या बारवांत टाकायला माणसं कुठून आणणार?

बाई नळीला डोळा लावून बसल्या. किती वेळ! मंग सरकल्या आणि सोनूबाईला म्हणाल्या, "ये, बघ. तुझं पाणी आहे."

सोनूबाईनं बघितलं. "उड्या मारून राह्यल्यात की!"

"हो. आणि मरायला हव्या होत्या. माझा हिशेब चुकला, बाई."

वाटेला लागलो तेव्हा सोनूबाईनं घरातून घागर आणून बाईंना उकळलेलं पाणी दिलं.



९ जून

माझा निबंध परत आला. तांबड्या शाईनं रक्तबंबाळ!

"हे 'कदाचित', 'असे वाटते', 'संभव आहे' कशाला पेरलंस? भित्रा आहेस का? बघितलंस ते लिही. आणि हे काय – 'पूर्वीच्या एका अभ्यासकाचे मत'? कोण तो अभ्यासक? माझं नाव नाही का मला? घाल."

"बाई, सगळ्यांसमोर तुमचं नाव कसं –"

"चूक नावासकट सांगायची असते. नाहीतर पुढचा पुन्हा तीच करतो."

खाली शेवटच्या पानावर सही. कोरडी झालेली. कधी केली कोण जाणे.

२५ जून

नारू पूर्ण निघाला. हातभराच्या वर लांब! बाई म्हणाल्या, बाटलीत ठेव. मी म्हणालो, जाळतो. जाळला.

१९ ऑगस्ट, हैदराबाद

वाचलं. आवाज सुरुवातीला फाटला, मंग सापडला.

संपल्यावर खात्याचे एक मोठे साहेब उठले. "ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्यांनाच खोटं पाडायला आलात? त्यांची इतक्या वर्षांची मेहनत, आणि तुमचा एक उन्हाळा!" सभागृहात कुजबुज. मी बाईंकडं बघितलं. पहिल्याच रांगेत होत्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर साहेब खाली बसले असते.

बोलल्या न्हाईत! हात घडी घालून माझ्याकडं बघत बसल्या, जशा अनोळखी.

मंग म्हणालो, "साहेब, त्यांनी मला बघायला शिकवलं. बघितलं ते सांगितलं. तुम्हाला दुसरं दिसलं असेल तर दाखवा." आणि पाणी, झरे, पिसवा, पायऱ्या – सगळं पुन्हा, सावकाश, कागद न बघता. साहेबांनी पुढं प्रश्न विचारला न्हाई. कलकत्त्याच्या माणसांनी मात्र पुष्कळ विचारले.

२० ऑगस्ट, गाडीत

राग आवरेना. परभणी गेल्यावर विचारलंच. "तुम्ही गप्प का बसल्या? बुडालो असतो मी!"

"उत्तर तुला येत होतं," बाई म्हणाल्या. "मी दिलं असतं तर ते माझं झालं असतं."

मंग डबा उघडला. दशम्या मला, लोणचंही मला. मी जेवलो. राग तसाच, पण जेवलो.

११ सप्टेंबर

कलकत्त्याहून बोलावणं! जानेवारीपासून. आणि त्याहून मोठं – बारवांच्या पायऱ्या बुजवायचं सरकारनं धरलं. मूलचंद शेठला बाई स्वतः भेटल्या म्हणे. "पायऱ्या बुजवा, पण काठावर दादाजींच्या नावाचा दगड बसवा आणि झाड लावा वाटसरूला सावलीला" – एवढ्यावर शेठ कबूल झाले. मला हे सुचलं नव्हतं.

१८ सप्टेंबर

हुकूम आला. पायऱ्यांचं काम बांधकाम खात्याकडं. लाल दवेची योजना बंद, आणि योजनेबरोबर प्रमुखाची जागाही रद्द. पहिल्या तारखेपासून बाईंना नोकरी न्हाई.

हे होणार ते त्यांना सही करायच्या आधीपासून ठाऊक होतं, हे आज त्यांच्याच बोलण्यातून कळलं. मी म्हणालो, बाई, मला सांगितलं का न्हाई?

"सांगितलं असतं तर तू लिहिलं नसतंस."